कारण आढळले नाही

मंगळवारी सकाळी नुप्पू
पत्रपेटी आणि सरपणाचं खोपटं यांच्या मधे
धावता धावता आडवी झाली.
मला वाटलं, लोळतेय. बर्फ दिसला की लोळायचीच.
मी कॉफी ओतली, दूध घातलं,
आणि मग खिडकीतून पुन्हा पाहिलं.

एकोणीस महिन्यांची होती.
नुप्पू म्हणजे आमच्या फिनिशमध्ये कळी.
नाव ठेवताना मी एवढा विचार केला नव्हता.

डॉक्टर हिल्क्काने तिला उघडून पाहिलं,
शिवून परत दिलं.
नऊ दिवसांनी कागद आला.
हृदय ठीक, वजनासकट.
यकृत ठीक. फुप्फुसं ठीक.
पोटात ओटची लापशी
आणि निळ्या लोकरीचा एक धागा, निरुपद्रवी.
(माझ्या हातमोज्याचा. ते त्यांना कुठून कळणार?)
सगळ्यात खाली, सहीच्या वर:
कारण आढळले नाही.

गॅरेजमधल्या प्रत्येक डब्याचं झाकण
मी पिळून पाहिलं.
फडताळातल्या मनुका मोजल्या,
जणू आधी किती होत्या ते मला ठाऊकच होतं.
एकशे चौदा.

सोमवारी शाळेच्या बसमध्ये
माझ्या मागच्या सीटवरून व्हिल्होने विचारलं,
"कशाने मेली?"
"माहीत नाही."
तो बराच वेळ गप्प.
तळ्याच्या वळणावर म्हणाला,
"मग नीट शोधलं नसेल."

म्हणून मी नीट शोधलं.
गेल्या उन्हाळ्यात टाउनो म्हणाला होता,
तुझी कुत्री माझ्या कोंबड्यांकडे फार प्रेमाने बघते.
एवढं एक वाक्य.
तेवढ्यावर मी रात्री, उणे अठरात, टोपी न घालता
त्याचं दार वाजवलं.
"काय टाकलं होतंस?"

तो काही बोलला नाही.
बॅटरी घेऊन तळघरात उतरला, मागोमाग मी.
फळीवर लाकडी सापळे, पाच.
चीजची वाळलेली साल.
बटाटे.
दुसरं काही नाही.
त्याने बॅटरी कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली,
मला पुरेसं दिसेपर्यंत,
आणि वर येताना पायरीवर म्हणाला, "सांभाळून, घसरतं."
मी माफी मागितली नाही.
शब्द तोंडात होता, थंडीने जबडा मिटला
असं मी स्वतःला सांगितलं.

मार्चची जमीन कुदळीला दाद देत नाही.
तोवर ती खोपटात, चटईत गुंडाळलेली,
बर्चच्या ओंडक्यांशेजारी, त्यांच्याइतकीच कडक.

शनिवारी उजाडता उजाडता धूर दिसला.
कुंपणाजवळ, जिथे ती हाड पुरायची,
टाउनोने जमिनीवर जाळ केला होता.
घसरगाडीभर लाकडं त्याची स्वतःची.
"कुदळ लागायला दुपार होईल," म्हणाला.

दुधाचे दोन क्रेट उपडे घालून
जाळाच्या दोन बाजूंना आम्ही बसलो.
माणसं नदीवर मासे धरायला बसतात तशी,
एकमेकांकडे न बघता.
एक ओंडका सारताना बोटाला चटका बसला.
फार नाही.
तेव्हा कुठे मला रडू आलं,
मोठ्याने, नाक गळेपर्यंत,
आणि टाउनो जाळ सारखा करत राहिला.
मग थर्मासमधून कॉफी दिली.
दूध घातलेली.
तो स्वतः काळी पितो.

दुपारी माती सुटली. वाफ येत होती तिच्यातून.

आता एप्रिल. अंगणातला बर्फ खाली बसतोय.
पण पायाखाली दाबलेला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो.
त्यामुळे तिचे ठसे, जे खड्डे होते,
ते आता वर आलेत, बोटभर उंच,
बश्यांसारखे, कडा झिजलेले,
पत्रपेटीपासून खोपटाकडे.
सतरा आहेत. शेवटचे चार एकमेकांपासून लांब लांब,
म्हणजे भरधाव होती.
म्हणजे कुठे दुखत नसावं.
नसावं.

पत्रं आणायला मी कुंपणाकडून वळसा घालून जाते.
काल टाउनो अंडी द्यायला आला.
सरळ वाट सोडून तोही वळसा घालून आला,
ढोपरभर बर्फातून, बूट भिजवत.